शोध कुणी कुणाचा लावला? जॅक्सन फाइव्हच्या पहिल्या अल्बमच्या निमित्ताने

मागच्या महिन्यात आमच्या अभ्यास मंडळाच्या बैठकीत एक भांडण झाले, ते अजून मिटलेले नाही. विषय होता अमेरिकेतल्या काळ्यांच्या लढ्याचे संगीत. पुढच्या बैठकीत काय काय ऐकायचे याची यादी चालली होती. नीना सिमोन आली, जेम्स ब्राउन आला, गिल स्कॉट-हेरॉन आला. त्यावर कुणाचे दुमत नव्हते. मग आमच्यातल्या एका मुलीने जॅक्सन फाइव्हचा पहिला अल्बम सुचवला आणि खोलीत हशा पिकला. "मायकल जॅक्सन? तो नाचणारा?" एक ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणाले, "ते पोराटोरांचे बाजारू गाणे. चळवळीचा आणि त्याचा काय संबंध?" दुसरे एक जण त्या मुलीच्या बाजूने बोलायला उठले, पण बोलले ते भलतेच. "अहो, देवाची देणगी होती त्या पोराला. डायना रॉसने हेरले म्हणून बरे, नाहीतर गेला असता वाया."

या दोन्ही मतांना आमचा विरोध आहे, आणि दुसऱ्याला जास्त आहे. पहिले मत निदान कडवट आहे. दुसरे गोड आहे आणि खोटे आहे.

डिसेंबर १९६९ मध्ये मोटाउन कंपनीने हा अल्बम बाजारात आणला. त्याचे नावच बघा: 'डायना रॉस प्रेझेंट्स द जॅक्सन फाइव्ह'. म्हणजे डायना रॉस सादर करीत आहेत. गाणारी पाच भावंडे, जॅकी, टीटो, जर्मेन, मार्लन आणि मायकल. थोरला १८ वर्षांचा, धाकटा ११ वर्षांचा. पण नावात पहिले नाव सादर करणारीचे. आपल्याकडे जयंतीच्या बॅनरवर सौजन्यवाल्या साहेबांचा फोटो हातभर असतो आणि शाहिराचा पोस्टाच्या तिकिटाएवढा, त्यातलाच हा प्रकार. कव्हरच्या मागे डायना रॉसच्या नावाने मजकूर छापला होता आणि या मुलांचा शोध आपण लावला असे त्यात सांगितले होते. कंपनीने प्रसिद्धीत मायकलचे वयही ८ सांगितले. पोरगा जितका लहान तितका चमत्कार मोठा!

हा शोध खोटा होता. कोलंबसाने अमेरिकेचा शोध लावला म्हणतात, तसलाच. तिथे आधीपासून माणसे राहत होती.

जॅक्सन कुटुंब राहत होते इंडियाना राज्यातल्या गॅरी गावात. हे गाव १९०६ साली यू. एस. स्टील कंपनीने पोलाद कारखान्यासाठी वसवले आणि कंपनीच्या अध्यक्षाचेच नाव त्याला दिले. दक्षिणेतल्या कापसाच्या मुलखातून जातीय दहशतीला कंटाळून निघालेली काळी कुटुंबे उत्तरेच्या कारखान्यांकडे आली, त्यातली कितीतरी इथे उतरली. (होय, जातीय दहशत असेच लिहितो आहोत. वंश म्हणायचे की जात, हा वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.) मुलांचा बाप जोसेफ आर्कान्सातला, आई कॅथरीन अलाबामातली. बाप पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा. संध्याकाळी भावाबरोबर आणि मित्रांबरोबर गिटार वाजवायचा, त्यांचा एक छोटा बँडही होता. दोन बेडरूमचे घर, त्यात नऊ मुले.

याच गॅरीमध्ये १९२७ साली एमर्सन शाळेतल्या गोऱ्या विद्यार्थ्यांनी संप केला होता. कशासाठी? शाळेत काही काळी मुले घेतली म्हणून. आपल्याकडे शाळेत आपल्या आज्या-पणज्यांना दाराबाहेर पोत्यावर बसवले, तिथे वर्गात बसलेल्यांना बाहेर काढा म्हणून मोर्चे निघाले. गावाच्या कारभाऱ्यांनी संपकऱ्यांपुढे मान तुकवली आणि काळ्यांसाठी वेगळी शाळा बांधायचे ठरवले. त्यातून रुझवेल्ट हायस्कूल उभे राहिले. पुढे साठच्या दशकाच्या मध्यावर याच रुझवेल्ट हायस्कूलच्या स्पर्धेत जॅक्सन भावंडांनी बक्षीस मिळवले. हाकलून वेगळ्या काढलेल्या शाळेचा रंगमंच, आणि समोर बसलेले आपलेच लोक, ज्यांना चांगले-वाईट गाणे कळते आणि जे फसवणूक चालवून घेत नाहीत. त्यानंतर गॅरीतले क्लब, शिकागोची थिएटरे, १९६७ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेममधले अपोलो थिएटर. शनिवार-रविवार गाडीत वाद्ये भरून जायचे आणि सोमवारी शाळेत हजर व्हायचे. १९६८ च्या सुरुवातीला गॅरीतल्याच 'स्टीलटाउन' नावाच्या छोट्या कंपनीने त्यांची पहिली रेकॉर्ड काढली. म्हणजे मोटाउनच्या कागदावर सही व्हायच्या आधी या मुलांच्या मागे गावातला कारखाना, शाळा, क्लब आणि रेकॉर्ड कंपनी एवढे सगळे उभे होते.

गंमत अशी की या खोट्याचा पुरावा त्याच अल्बमवर आहे. पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे आहे 'यू हॅव चेंज्ड'. ते स्टीलटाउनच्या त्या रेकॉर्डच्या मागच्या बाजूला आधीच येऊन गेले होते! मोटाउनने ते नव्याने गाऊन घेतले. कव्हर म्हणते आम्ही शोधले, आणि आतले गाणे म्हणते आम्ही आधीच गात होतो.

मग मोटाउनपर्यंत त्यांना नेले कुणी? बॉबी टेलरने. हा मोटाउनचाच एक गायक. १९६८ मध्ये शिकागोच्या रीगल थिएटरमध्ये त्याने ही मुले ऐकली आणि स्वतः त्यांना डेट्रॉइटला नेले, आपल्याकडे उतरवून घेतले, कंपनीत चाचणी घडवून आणली. ग्लॅडिस नाइट या गायिकेनेही त्याआधी कंपनीकडे शब्द टाकला होता असे ती सांगत आली आहे. या अल्बमची बहुतेक गाणी बॉबी टेलरनेच बसवली आहेत. आमच्या वाचकांनी त्याचे आणखी एक काम लक्षात ठेवावे. १९६८ मध्येच त्याचे एक गाणे गाजले होते: काळा मुलगा गोऱ्या मुलीला विचारतो आहे, माझ्याबद्दल घरी आईला सांगितलेस का? मिश्र विवाहावरची बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मोडून काढली त्याला तेव्हा जेमतेम वर्ष झाले होते. आंतरजातीय लग्न करणाऱ्या किंवा करू न शकलेल्या आमच्या कुठल्याही मित्राला ते गाणे समजावून सांगावे लागणार नाही. असा माणूस या अल्बमच्या मागे आहे. मुलांना मोठे यश मिळाल्यावर कंपनीने त्याला हळूहळू बाजूला सारले. २०१७ मध्ये तो हाँगकाँगमध्ये वारला. डायना रॉसचे नाव अल्बमच्या नावातच कोरलेले आहे.

डायना रॉसबद्दल आमचा वैयक्तिक राग नाही, हेही सांगून टाकतो. तीही डेट्रॉइटच्या गरीब वस्तीतूनच आलेली. कंपनीने सांगितले, तिने नाव दिले. पण तिचे नाव वापरायची गरज कंपनीला का वाटली, हा प्रश्न उरतोच. गोऱ्या गिऱ्हाइकाला ओळखीचा, चमकदार, मान्यताप्राप्त चेहरा हवा होता. पोलाद कारखान्यातला क्रेन ऑपरेटर आणि वेगळ्या काढलेल्या शाळेचा रंगमंच ही काही विकायची गोष्ट नव्हती. प्रस्थापितांना आपली कला नेहमी अनाथ हवी असते. आई-बाप, वस्ती, परंपरा नसलेली, म्हणजे ती दत्तक घेता येते. 'देवाची देणगी' हे शब्दही तेच काम करतात. प्रल्हाद शिंदेंना देणगी, विठ्ठल उमपांना देणगी, वामनदादांना देणगी! जन्मभर खेड्यापाड्यांत घासलेला गळा, घरातून घरात गेलेले गाणे, हे सगळे एका शब्दात पुसून टाकायचे. बामणाच्या पोराने गायले की घराणे आणि रियाज, आपल्याने गायले की देणगी. आमच्या बैठकीतल्या मित्राने नकळत हेच केले, म्हणून आम्हाला ते झोंबले.

आता पहिल्या आक्षेपाकडे. बाजारू गाणे.

अल्बम ऐकून हा आक्षेप घेतला आहे की न ऐकता, अशी आम्हाला शंका आहे. पहिलेच गाणे घ्या. 'झिप-अ-डी-डू-डा' हे डिस्नेच्या १९४६ सालच्या 'साँग ऑफ द साउथ' या चित्रपटातले. या चित्रपटात मळ्यावरचा म्हातारा काळा माणूस गोऱ्या मुलाला गोष्टी सांगत हसतमुखाने वावरतो, जणू त्या मळ्यांवर कुणाला कसले दुःखच नव्हते. काळ्यांच्या एनएएसीपी या संघटनेने तेव्हाच त्यावर टीका केली. ते गाणे पडद्यावर गाणारा नट जेम्स बॅस्केट. चित्रपटाचा पहिला खेळ अटलांटात झाला आणि बॅस्केटला तिथे जाता आले नाही, कारण त्या शहरात काळ्या-गोऱ्यांना वेगळे ठेवण्याचा कायदा होता. पडद्यावर तो असणार, आणि थिएटरात नाही. आपल्याकडे मंदिराच्या दाराशी वाजंत्री वाजवणाऱ्याला गाभारा बंद, यापेक्षा ते फार वेगळे नाही.

या गाण्याने पाच काळी मुले आपला पहिला अल्बम उघडतात. कंपनीने ते का निवडले, तर सगळ्या अमेरिकेला माहीत असलेले मुलांचे गाणे म्हणून. इतका साधा हिशोब असणार, आम्ही त्याला क्रांती म्हणत नाही. पण ऐकताना काय होते? जुन्या चालीतला तो आज्ञाधारक गोडवा जातो. खाली बास गिटार ढकलत राहते, भाऊ मागून ओरडतात, आणि मळ्यावरच्या हसऱ्या म्हाताऱ्याचे गाणे गॅरीच्या रस्त्यावरच्या पोरांचे होऊन जाते. हे मुद्दाम केले की आपोआप झाले, याने आम्हाला फरक पडत नाही. आपल्या शाहिरांनी देवादिकांच्या चाली उचलून त्यांत भीमाचे गाणे बसवले, तेव्हा कुणी त्यांना बाजारू म्हटले नाही. म्हटले असेल तर ते कोण होते हे आपल्याला माहीत आहे.

दुसऱ्या बाजूला 'स्टँड!' आहे. स्लाय स्टोनचे हे गाणे १९६९ मधलेच. नावातच त्याचे म्हणणे आहे: उठून उभे राहा. हे गाणे ज्या अल्बमवर आहे त्याला राजकारण नाही म्हणणाऱ्यांनी निदान कव्हरची मागची बाजू वाचायला हवी होती. आणि त्याच बाजूला दुसऱ्या क्रमांकावर 'हूज लव्हिन यू'. स्मोकी रॉबिन्सनने लिहिलेले, तोवर नऊ वर्षे जुने झालेले विरहगीत. ते गाताना मायकल १० वर्षांचा आहे. विरह त्याला कुठून माहीत असणार? त्याला माहीत आहे ते मोठ्यांचे गाणे: क्लबच्या पडद्याआडून पाहिलेले, रात्री-अपरात्री ऐकलेले, जेम्स ब्राउन आणि जॅकी विल्सनच्या पायांकडे बघत शिकलेले. आमच्या मते हा अल्बमचा सर्वांत मोठा क्षण आहे आणि थोडा भीतिदायकही आहे. इतक्या लहान गळ्यात इतका जुना आवाज कसा आला, याचे उत्तर वस्तीत आहे. बाकी मोटाउनच्या जुन्या साठ्यातून भरलेली दोन-तीन गाणी कामचलाऊ आहेत, ती सोडून दिली तरी चालेल.

सर्वांत गाजले ते अर्थात 'आय वाँट यू बॅक'. जानेवारी १९७० च्या अखेरीस ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. त्याचा एक तपशील आम्हाला फार आवडतो. लिहिताना या गाण्याचे नाव 'आय वाना बी फ्री' होते, मला मोकळे व्हायचे आहे, आणि ते ग्लॅडिस नाइटसाठी होते. मुलांना देताना ते 'तू परत ये' असे झाले. मोकळे होण्याची भाषा मुलांच्या तोंडी नको असे कुणाला वाटले असेल, की नुसते विक्रीचे गणित होते, ते सोडा. ठेका मात्र तसाच राहिला, आणि त्या ठेक्यात आजही मोकळे होण्याची घाई ऐकू येते.

आता तो महिना आठवा. ४ डिसेंबर १९६९ च्या पहाटे शिकागो पोलिसांनी घरात घुसून ब्लॅक पँथरचा नेता फ्रेड हॅम्प्टन याला झोपेत असताना ठार मारले. तो २१ वर्षांचा होता. त्याच्याबरोबर मार्क क्लार्कही मारला गेला. गॅरी तिथून तासाभराच्या अंतरावर. त्यानंतर दहाच दिवसांनी, १४ डिसेंबरला, हीच पाच मुले एड सलिव्हनच्या कार्यक्रमात सगळ्या अमेरिकेच्या दूरदर्शन संचावर नाचत-गात होती. आपले नैसर्गिक कुरळे केस तसेच ठेवून. ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील, बघा, एकीकडे रक्त आणि दुसरीकडे नाचगाणे. आम्ही विचारतो, त्या आठवड्यात शिकागोतल्या दहा वर्षांच्या काळ्या मुलाने काय बघायचे होते? फक्त प्रेत? ज्या समाजात मुलाला वयात यायच्या आधी संशयित समजतात, तिथे काळ्या मुलाने निर्धास्तपणे हसणे, मूल असणे, हीच गोष्ट सहज मिळत नाही. याच मोटाउनने १९६६ मध्ये आयझली ब्रदर्सच्या अल्बमच्या कव्हरवर समुद्रकिनाऱ्यावरचे गोरे जोडपे छापले होते, काळे चेहरे बघून दुकानदार माल ठेवणार नाहीत म्हणून. तीन वर्षांनी त्याच कंपनीने काळ्या मुलांचे चेहरे कव्हरवर ठेवले. मधल्या काळात कंपनीचे मन बदलले नाही. रस्त्यावर लढणाऱ्यांनी बाजार बदलायला लावला. पँथरचे लोक लढले नसते तर ही मुले त्या कव्हरवर नसती, म्हणून पँथर आणि ही मुले यांत निवड करायला आम्हाला सांगू नका. त्याच पँथरचे नाव घेऊन १९७२ मध्ये ढसाळ, ढाले आणि ज. वि. पवार यांची पिढी मुंबईत उभी राहिली. त्या पिढीच्या घरांतही लहान मुले होती.

पण इथे आमच्या तरुण मित्रांनी टाळ्या वाजवायची घाई करू नये. मोटाउनचा मालक बेरी गॉर्डी स्वतः काळा होता. मोटार कारखान्यात काम केलेला, कुटुंबाकडून ८०० डॉलर उसने घेऊन १९५९ मध्ये कंपनी काढलेला. आपला माणूस! त्याने डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची भाषणे रेकॉर्डवर काढली, हेही खरे. आणि त्यानेच या मुलांशी जो करार केला त्यात मिळकतीचा वाटा चरित्रकारांच्या लेखनात पावणेतीन टक्क्यांच्या आसपास येतो, तोही पाच जणांत वाटायचा. गाणी रचणाऱ्या चौघांची नावेही कव्हरवर न देता 'द कॉर्पोरेशन' असे छापले, कारण आधीचे नावाजलेले रचनाकार हिशोबावरून भांडून गेले होते. आता कुणी नावाने मोठे व्हायलाच नको. १९७५ मध्ये भावंडांनी कंपनी सोडायचे ठरवले तेव्हा कळले की 'जॅक्सन फाइव्ह' हे नावही त्यांचे नाही. ते मोटाउनचे. बापाचे आडनाव, भावांची संख्या, आणि मालक तिसराच! जर्मेनने गॉर्डीच्या मुलीशी लग्न केले होते, तो मागे राहिला. बाकीचे 'द जॅक्सन्स' झाले.

बाबासाहेबांनी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वे कामगारांसमोर ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही असे दोन शत्रू सांगितले. एकाच्या विरोधात उभा राहिलेला माणूस दुसऱ्याच्या विरोधात असेलच असे नाही. आपला मालक झाला म्हणजे गाणाऱ्याचा हिशोब चुकता होतो, हा भ्रम आम्ही जवळून पाहिला आहे. आमच्या वस्तीतल्या एका शाहिराच्या मुलीने शाळेत असताना भीमगीतांच्या एका कंपनीसाठी आठ गाणी गायली. कंपनी आपल्याच माणसाची. एकरकमी पैसे, तेही दोनदा हेलपाटे घातल्यावर. कव्हरवर नाव चुकीचे. आज ती गाणी यूट्यूबवर लाखोंनी ऐकली जातात, आणि मागच्या वर्षी तिच्याच भावाने जयंतीच्या कार्यक्रमातला तिच्याच आवाजाचा व्हिडिओ टाकला तेव्हा कॉपीराइटचा दावा लागून तो उतरला. कंपनीत फोन केला तर म्हणाले, "ताई, सही आहे ना तुमच्या वडिलांची." तिच्या वडिलांना सहीपुरतेच लिहिता येत होते.

बापाचा विषय निघालाच आहे. जोसेफ जॅक्सनच्या कष्टांबद्दल आम्ही वर आदराने लिहिले, ते मागे घेत नाही. पण तालमीत चुकले की पट्टा निघायचा. मायकलने १९९३ मध्ये दूरदर्शनवरच्या मुलाखतीत बापाच्या नुसत्या येण्याने आपल्याला मळमळायचे असे सांगितले. कारखान्याचा पाळीचा भोंगा बापाच्या अंगात शिरला होता आणि तो त्याने घरात वाजवला, असे समजून घेता येते. समजून घेणे म्हणजे माफ करणे नव्हे. त्यात हा मुलगा रात्रीच्या क्लबमध्ये, जिथे लहान मुलांनी असू नये अशा कार्यक्रमांच्या मधल्या वेळात गायचा. पुढे मोठ्या झालेल्या मायकलवर मुलांच्या छळाचे गंभीर आरोप झाले. त्यांवर आम्ही या लेखाचे पांघरूण घालणार नाही. इथे बोलतो आहोत ते दहा वर्षांच्या मुलाबद्दल. आमच्या मंडळांना आम्ही हे थेट विचारतो: जयंतीच्या रात्री दीड वाजता आठ वर्षांची मुलगी स्टेजवर का असते? साहेब उशिरा आले म्हणून. ती पेंगत असते, तिची आई पंख्याने वारा घालत असते, आणि साहेबांच्या सत्कारानंतर निवेदक सांगतो की या बालशाहिराला साहेबांनी संधी दिली. दुसऱ्या दिवशी तिची शाळा असते, आणि गाण्यात मात्र 'शिका' हा शब्द चार वेळा आलेला असतो.

तर अल्बम आमच्या यादीत राहणार. सुचवणाऱ्या मुलीलाच मांडणी करायला सांगितली आहे. पुढच्या रविवारी 'स्टँड!' आणि 'हूज लव्हिन यू' आधी लावू, मग 'झिप-अ-डी-डू-डा', आणि त्याआधी जेम्स बॅस्केटबद्दल पाच मिनिटे ती बोलेल. फळ्यावर अल्बमचे नाव लिहिताना 'प्रेझेंट्स'च्या आधीची जागा मोकळी ठेवून कुणाकुणाची नावे तिथे यायला हवीत ते उपस्थितांनी लिहायचे आहे. ज्येष्ठ कार्यकर्ते येणार आहेत, भांडायला म्हणून का होईना. शाहिराची ती मुलगीही येते आहे. तिने वडिलांच्या सहीचा करार शोधून ठेवला आहे, आणि आमच्यातल्या दोन वकिलांना तो आधी वाचायला दिला आहे.